हातमोजे

बाग कालच छाटली आहे. वेलींवर पान उरलेलं नाही. लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारांना बांधलेल्या नुसत्या काड्या, आणि खाली ओळींमधून पडलेला छाटणीचा कचरा. दिंडोरी तालुक्यातल्या या दोन एकरांत आज पेस्ट लावायची आहे. ऊन चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं बरं, म्हणून टोळी दिवस उगवायलाच बांधावर येऊन बसली आहे.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ‘पेस्ट’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे मागेपुढे फुटतात. एका काडीला कोंब येतो, शेजारची तशीच राहते. मग घडही मागेपुढे तयार होतात आणि कंटेनर भरायच्या वेळी अर्धा माल उतरलेला, अर्धा कच्चा अशी गत होते. सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीच्या शेंड्याकडच्या दोन-तीन डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड चोळतात. ही झाली पेस्ट. एकेका काडीला हाताने लावायची.

शेतकऱ्याचा मुलगा निळ्या ड्रमात पाणी मोजतोय. त्याच्या तोंडाला मास्क आहे, हातात कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे आहेत. बाटली तो अंगापासून लांब धरून ओततो. मग थोडा लाल रंग टाकून काठीने ढवळतो. रंगामुळे कोणती काडी झाली नि कोणती राहिली ते कळतं. टोळीतल्या एकेकाच्या डब्यात तो लाल द्राव पडतो आणि हातात स्पंजचा तुकडा येतो.

मोजे आहेत का, असं मी विचारतो. आहेत. पातळ प्लास्टिकच्या मोज्यांची एक पिशवी मुकादम उघडतो. चौदा माणसांत सगळ्यांना एकेक जोड मिळतो. पण छाटलेल्या काडीचं टोक सुरीसारखं तिरपं असतं. पहिल्या ओळीच्या शेवटी निम्म्यांचे मोजे फाटलेले दिसतात. दुसऱ्या ओळीत बऱ्याच जणांनी ते काढून कमरेला खोचलेत. मोज्यात घाम येतो, स्पंज निसटतो, हात चालत नाही. काम उक्तं आहे, एकरावर ठरलेलं. हात चालला नाही तर रोज पडत नाही.

माझ्या शेजारच्या ओळीत सुरगाण्याकडची एक बाई आहे. तिने डाव्या हाताला किराण्याची पिशवी गुंडाळून मनगटाला रबर लावलंय. उजवा हात उघडा आहे, कारण काम उजव्याचं. अंगठा आणि दोन बोटं स्पंज धरतात, काडीभोवती एक पीळ देतात, पुढची काडी. लाल पाणी बोटांवरून मनगटाकडे आणि मनगटावरून काचेच्या बांगड्यांमध्ये उतरतं. पहिल्या पेऱ्याची कातडी पांढरी पडून कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत आली आहे. हे आजचं नाही. या हंगामातली ही तिची कितवी बाग, ते तिलाही आठवत नाही.

“आग होते का?” मी विचारतो.

“रातच्याला होती. दिसा काय कळत नाय,” ती म्हणते. हात थांबत नाही. “खोबरेल लावतो.”

दहाच्या सुमाराला मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, “आज कुणी पिणार नाही. उद्या पण नाही.” कुणी हसत नाही. हे औषध अंगात गेलं आणि वर दारूचा घोट गेला, की चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, माणूस पडतो. गेल्या हंगामात टोळीतल्या एका तरुणाला असंच रात्री मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरला वाटलं, पोरगा जास्त प्यायलाय. दिवसभर त्याने हाताने काय लावलं, हे कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सलाइनचा खर्च उचलीत धरला गेला.

मला हा प्रसंग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात विषबाधा झाल्याची नोंद कुठेच राहिलेली नाही. दवाखान्याच्या कागदावर दारू आहे आणि मुकादमाच्या वहीत रक्कम.

युरोपात हे ठाऊक नव्हतं असं नाही. इटलीत द्राक्ष आणि किवीच्या बागांत काम करणारे मजूर या औषधाने आजारी पडल्याच्या नोंदी झाल्या, त्यावर वैद्यकीय अहवाल निघाले. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपीय आयोगाने सायनामाइडला मान्यता नाकारली. वापरणाऱ्याच्या जिवाला धोका हे त्यातलं मुख्य कारण होतं. त्यानंतर युरोपीय संघातल्या शेतकऱ्याला हे औषध आपल्या वेलीला लावता येत नाही. मात्र ते तयार करून बाहेर विकता येतं. या औषधाचा जगभर गाजलेला ब्रँड आजही जर्मनीत बनतो. आणि आज ज्या बागेत मी उभा आहे, तिथली द्राक्षं रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनीतल्या दुकानांत जायची आहेत. ज्या देशात हे लावायला बंदी, त्याच देशासाठी ते सुरगाण्याची बाई उघड्या हाताने लावते.

बागाईतदार पन्नाशीचा आहे. वडिलांनी पहिली बाग लावली, याने ती निर्यातीत आणली. तो मला पडवीत बसवतो, चहा येतो, आणि तो कपाटातून फाइल काढतो. फाइल नीटनेटकी आहे. प्लॉटचा नोंदणी क्रमांक, माती-पाण्याचे अहवाल, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, लिटरला किती, काढणीच्या आधी किती दिवस.

“२०१० विसरलो नाही अजून,” तो म्हणतो.

त्या वर्षी भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा, म्हणजे बागाईतदारांच्या तोंडी असलेल्या लिहोसिनचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, एका किलोत मिलिग्रॅमचा विसावा हिस्सा. तोवर हे औषध आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतही नव्हतं. कंटेनर अडकले, माल पडला, पैसे बुडाले. नाशिकपासून सांगलीपर्यंत घरं कर्जात गेली. त्यानंतर यादी वाढली. आज युरोपच्या निर्यातीतल्या प्रत्येक प्लॉटचा नमुना काढणीआधी प्रयोगशाळेत जातो, शंभराहून अधिक रसायनांसाठी तपासला जातो, आणि पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्यावर लक्ष ठेवतं. निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ या नोंदणी यंत्रणेवर २००६ पासून प्लॉटची नोंद असते. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्यांना तर कायद्याने ठरवलेली मर्यादाही पुरत नाही. त्यांना त्याच्या एक तृतीयांशाच्या आतला माल हवा असतो.

मी फाइलमध्ये पेस्टीची नोंद शोधतो. आहे. तारीख, औषध, प्रमाण. ‘वापरणाऱ्याचे नाव’ या रकान्यात मुलाचं नाव आहे. त्याने ड्रममध्ये औषध ओतलं, त्याने त्याचं प्रशिक्षणही घेतलंय. ज्या चौदा जणांनी ते काडीकाडीला चोळलं, त्यांची नावं या फाइलमध्ये नाहीत. ती मुकादमाच्या वहीत आहेत, आणि तिथेही नुसती पहिली नावं, समोर उचलीची रक्कम.

“यांची नावं कुठे लिहायची, असा रकानाच नाही,” बागाईतदार म्हणतो. तो खोटं बोलत नाही. तो दुष्टही नाही. एप्रिलच्या खरड छाटणीपासून तो या बागेत पैसा ओततोय. छाटणीनंतर पाऊस लागला तर डावणीचा रोग येतो, काढणीच्या तोंडावर लागला तर मणी तडकतात. दोन्ही गेल्या काही वर्षांत त्याने पाहिलंय. एकदा एक व्यापारी माल उचलून पसार झाला, चेक वटला नाही. सोसायटीचं कर्ज फिरतंय. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवलं की देशी बाजार पडतो, आणि युरोपात पेरू किंवा दक्षिण आफ्रिकेचा माल जास्त आला की निर्यातदाराचा फोन येतो, दर इतकेच. तो दर ठरवत नाही. द्राक्ष कोणत्या जाडीचं, कोणत्या गोडीचं, कोणत्या डबीत, हेसुद्धा तो ठरवत नाही. त्याच्या हातात कमी करण्यासारखा एकच खर्च उरतो, मजुरीचा. साखळीच्या वरच्या टोकाला एक सेंट वाचवला की त्याचा धक्का खालपर्यंत येतो आणि सगळ्यात शेवटी या स्पंज धरलेल्या बोटांवर थांबतो. हे मी बागाईतदाराची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. त्याने जाड मोजे आणायला हवे होते. चौदा जोड मोज्यांचा खर्च या बागेतल्या एका फवारणीपुढे काहीच नाही.

दुपारी टोळीतल्या बाया पलीकडच्या प्लॉटवर जातात. तो सप्टेंबरात छाटलेला, त्याला घड लागलेत, मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे आहेत. तिथे डिपिंग चालू आहे. एका हातात प्लास्टिकचा मग, मगात जिब्रेलिक अॅसिड आणि त्यात मिसळलेली आणखी दोन-तीन संजीवकं. घड मगात बुडवायचा, हलवायचा, काढायचा, पुढचा. घड डोक्याच्या उंचीवर. हात सतत वर, त्यामुळे द्राव कोपरावरून दंडात, दंडावरून ब्लाउजमध्ये उतरतो. मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून हे करतात. युरोपच्या मालाला मण्याची जाडी मोजून घेतात, त्यात बसला नाही तर घड देशी बाजारात. एका एकरात हजारो घड असतात आणि प्रत्येक घड हातातून जातो, एकदा नव्हे, बुडवायला, विरळणीला, पुन्हा बुडवायला.

दोन ओळींच्या मधे अँगलला साडीची झोळी बांधली आहे. आत सात-आठ महिन्यांचं मूल झोपलंय. शेजारच्या मालकाच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो. फवाऱ्याचा ढग वाऱ्याबरोबर बांध ओलांडून इकडे येतो, गंधकाचा वास येतो. आई झोळीवर पदर टाकते आणि पुन्हा मग उचलते.

टोळीची पालं शेततळ्याच्या बांधाला आहेत. बांबू, ताडपत्री, तीन दगडांची चूल. शेततळं काठोकाठ भरलेलं आहे, काळं प्लास्टिक अंथरलेलं, भोवती तारेचं कुंपण. पावसाळ्यात ते विहिरीतून आणि बोअरमधून भरून ठेवतात. हिवाळा-उन्हाळ्यात ठिबकने वेलींना जातं. जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या नावावर उघड्यावर साठवायचं आणि त्यातलं काही उन्हाने उडून जाऊ द्यायचं, असा हा हिशेब आहे. ते पाणी पुढे मण्यांत भरून समुद्रापार जातं.

ही माणसं जिथून आलीत त्या पेठ-सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दिंडोरी-निफाडच्या कितीतरी पट. तो पाऊस डोंगर उतरून पश्चिमेला समुद्राकडे धावतो, आणि चैत्रात तिथल्या बाया विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. भात, नागली, वरई निघाली की शेतात काही उरत नाही. मग ‘जगायला’ जायचं. शब्द त्यांचा आहे. दिवाळीच्या आसपास निघायचं आणि शिमग्याला परतायचं. थोरली मुलं आश्रमशाळेत राहतात, मधली बरोबर येतात आणि शाळेच्या हजेरीतून गळतात.

त्या सुरगाण्याच्या बाईला मी विचारतो, ही द्राक्षं कुठे जातात ते माहीत आहे का?

“नाशकाला,” ती म्हणते. थोडं थांबून, “तिथून मंग बाहेर. शेठला म्हायती.”

फेब्रुवारीचा शेवट. तालुक्यातलंच एक पॅकहाऊस. दाराशी नाव लिहून घेतात, चपला काढायला लावतात, निळी टोपी देतात ज्यात कानसुद्धा झाकायचे असतात. मग अॅप्रन, मास्क. भिंतीवर हात कसे धुवायचे याची सहा चित्रं आहेत. आत थंड आहे. लांबच लांब टेबलांशी शंभरभर मुली आणि बाया उभ्या आहेत, बहुतेक आसपासच्या गावांतल्या. कुणाच्या हातात बांगडी नाही, कुणाचं नख वाढलेलं नाही. आणि प्रत्येकीच्या दोन्ही हातांत मोजे आहेत. फाटला की टोपलीत टाकायचा आणि खोक्यातून नवा घ्यायचा. पर्यवेक्षक मुलगी दर थोड्या वेळाने फिरून बघते. घडाला उघडं बोट लागता कामा नये, मण्यावरचा पांढरा मेणाचा थर पुसला जाता कामा नये.

मी त्या मोज्यांकडे बघत उभा राहतो. या साखळीत मोजा आहे, पुरेसा आहे, वेळेवर मिळतो, तो वापरला जातो की नाही हे बघायला माणूसही आहे. फक्त तो द्राक्षाला माणसाच्या हातापासून वाचवण्यासाठी आहे.

कात्रीने तडकलेला मणी काढायचा, घड अर्ध्या किलोच्या डबीत बसवायचा, दहा डब्या एका खोक्यात, खाली-वर सल्फर डायऑक्साइडचा कागद, मग प्रीकूलिंग, मग रीफर कंटेनर, मग न्हावा-शेवा. प्रत्येक डबीवर लेबल, लेबलवर क्रमांक. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे २ लाख ६८ हजार टन ताजी द्राक्षं बाहेर गेली, सुमारे २,५४३ कोटी रुपयांची, आणि त्यातला मोठा वाटा नाशिकचा. पुढच्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा हेच कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. जास्तीचे दोन आठवडे, तेवढं जास्त इंधन, आणि तेवढे दिवस विजेवर गार ठेवलेली द्राक्षं. तरीही ती वेळेत, हिरवीगार पोचावीत अशी सोय झाली.

मॅनेजर अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान खरा आहे, की जर्मनीतल्या दुकानात कुणी डबी उचलून क्रमांक टाकला तर दिंडोरीतला नेमका प्लॉट सापडतो. मी विचारतो, त्या प्लॉटला पेस्ट कुणी लावली ते सापडतं का? तो गोंधळतो. “पेस्टीचा काय संबंध? रेसिड्यू येत नाही तिचा.”

अगदी बरोबर. पेस्ट लावल्यापासून घड तोडेपर्यंत चार-साडेचार महिने जातात. फळात तिचा काही मागमूस राहत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येतो. तो अहवाल खाणाऱ्याच्या पोटाचा आहे, आणि खाणाऱ्याचं पोट सुरक्षित राहायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण लावणाऱ्याच्या रक्ताचा अहवाल कुणी मागत नाही, म्हणून तो कुणी काढत नाही. मजुरांच्या हक्कांची तपासणी निर्यातीसाठी घ्यायच्या प्रमाणपत्राच्या एका भागात असते. तपासनीस येतो तो काढणीच्या दिवसांत. तोवर पेस्टीला चार-साडेचार महिने झालेले असतात, पालं हललेली असतात, आणि शेडमध्ये मोज्यांचं नवं कोरं खोकं त्याच्या नजरेस पडतं.

हे बदलायला मोठा शोध लागत नाही. युरोपीय आयोगाने २०२० मध्येच सांगितलं होतं की आपल्याकडे बंदी असलेली घातक रसायनं बाहेर पाठवण्यासाठी तयार होणार नाहीत अशी तजवीज करू. फ्रान्सने बंदी घातलेल्या कीडनाशकांच्या बाबतीत २०२२ पासून तसा कायदा लागू केला. बाकीच्यांनी तो करावा यासाठी इथल्या बागाईतदारांच्या संघटनांनीही आवाज उठवायला हवा, कारण २०१० मध्ये एका मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्श्यासाठी ज्यांचे संसार मोडले त्यांना हा दुटप्पीपणा समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात निदान महामंडळ तरी आहे. द्राक्षाच्या टोळ्यांसाठी तेवढंही नाही. आणि निर्यातदाराच्या फाइलमध्ये दोन रकाने वाढवायला तर कुठल्या कायद्याचीही वाट बघायला नको: पेस्ट आणि डिपिंग करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, आणि त्याला रसायन अडवणारे मोजे दिल्याची त्याची सही. या दोन रकान्यांशिवाय माल घेणार नाही, असं एका मोठ्या खरेदीदाराने म्हटलं तर पुढच्याच हंगामात ते भरले जातील. तपासनिसानेही एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात यावं, न सांगता, सकाळी सातला.

नाशिक जिल्ह्यातल्या लवकरच्या छाटण्या सप्टेंबरात सुरू होतात. जे या धंद्यात आहेत, मग ते बागाईतदार असोत, निर्यातदार असोत की औषध विकणारे दुकानदार, त्यांना माझं एवढंच मागणं आहे: या वेळी पेस्टीची बाटली देताना तिच्याबरोबर टोळीत जितकी माणसं आहेत तितके जाड मोजे मोजून द्या.